उघड्या बादल्यांचा इतिहास

तुमच्या फोनवर एसएमएसनं किंवा व्हॉट्सॲपवर आलेली एखादी लांबलचक लिंक शोधून बघा. कुरियरची पावती, लॅबचा रिपोर्ट, ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट, कसलीही चालेल. त्यातल्या एखादीच्या पोटात 'एस-थ्री', 'ॲमेझॉन एडब्ल्यूएस', 'एपी-साउथ-१' असे तुकडे सापडण्याची बरीच शक्यता आहे. एपी-साउथ-१ म्हणजे मुंबई. जून २०१६मध्ये ॲमेझॉननं आपली क्लाउड सेवा मुंबईतल्या डेटा सेंटरांमधून द्यायला सुरुवात केली, त्या जागेचं हे सांकेतिक नाव. क्लाउड म्हणजे कुठेतरी हवेत तरंगणारं काहीतरी असं आपल्याला वाटतं, आणि आपला रक्ताचा रिपोर्ट मात्र मुंबईतल्याच एखाद्या थंडगार खोलीत ठेवलेला असतो.

अशा लिंकला बहुधा प्रश्नचिन्हाच्या पुढे अक्षरं-आकड्यांचं एक भलंमोठं शेपूट असतं. ते शेपूट म्हणजे ठरावीक वेळेपुरती दिलेली, सही केलेली चिठ्ठी. चिठ्ठी असेल तर फाईल मिळते, मुदत संपली की दार बंद. पण काही लिंकांना शेपूटच नसतं. ती फाईल कोणीही, कधीही, जगातल्या कुठल्याही फोनवरून उघडू शकतं. कंपनीचा लोगो, जाहिरातीचं चित्र, पुस्तकाचं मुखपृष्ठ यांच्यासाठी ते योग्यच आहे. रक्ताच्या रिपोर्टसाठी नाही.

मी सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि या दोन प्रकारच्या फाईली एकमेकींपासून लांब ठेवणं हा माझ्या कामाचा बराच मोठा भाग आहे. जितकं हे काम केलं तितकं मला वाटत गेलं, की यातली अडचण यंत्राची कमी आणि एका शब्दाची जास्त आहे. तो शब्द म्हणजे 'पब्लिक'. मराठीत त्याचे दोन अर्थ सुखानं नांदतात. एक 'सार्वजनिक': सार्वजनिक गणपती, सार्वजनिक वाचनालय. त्यात 'सर्व' आहेत खरे, पण मनात आपली पेठ किंवा आपलं गाव असतं. दुसरा सरळ 'पब्लिक': 'काय पब्लिक आलं होतं राव!' तिथे ओळख-पाळख काही नसते, नुसती गर्दी. फाईल पब्लिक करणाऱ्या माणसाच्या मनात बहुतेक वेळा पहिला अर्थ असतो. यंत्राला फक्त दुसरा कळतो. गेल्या वीस वर्षांत क्लाउडमधून जे काही सांडलं, त्याचा इतिहास बराचसा या दोन अर्थांमधल्या फटीचा आहे.

'बाकीचे' कोण?

ही फट क्लाउडच्या आधीपासून आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडलं आणि त्यानं फाईलच्या परवानग्यांची एक पद्धत घालून दिली. ती आजही प्रत्येक लिनक्स मशिनवर, इतकंच काय तुमच्या अँड्रॉइड फोनच्या आतही चालू आहे. प्रत्येक फाईलभोवती तीन वर्तुळं: मालक, त्याचा गट आणि 'अदर' म्हणजे बाकीचे. कोणत्या वर्तुळानं वाचायचं, कोणी लिहायचं, कोणी चालवायचं हे तीन आकड्यांत सांगायचं. इंजिनिअरिंगला लिनक्सच्या प्रॅक्टिकलला आम्ही ६४४ आणि ७५५ हे आकडे पाढ्यासारखे पाठ केले होते. व्हायवात हमखास विचारायचे. 'बाकीचे म्हणजे नक्की कोण?' हा प्रश्न मात्र कुठल्याच परीक्षकाला पडला नाही.

मूळ काळात त्याचं उत्तर सोपं होतं. एकच मोठं मशिन, त्याला जोडलेले टर्मिनल, आणि बाकीचे म्हणजे त्याच मशिनवर खातं असलेले शेजारच्या खोलीतले सहकारी. मग नेटवर्कं जोडली गेली आणि 'ॲनॉनिमस एफटीपी'ची प्रथा पडली. दूरच्या मशिनवर 'ॲनॉनिमस' या नावानं लॉगिन करायचं, पासवर्ड म्हणून शिष्टाचारापोटी आपला ईमेल पत्ता टाकायचा, आणि 'पब' नावाच्या फोल्डरमधून हवं ते उतरवून घ्यायचं. पब म्हणजे पब्लिक, दुसरं काही नाही. काही ठिकाणी 'इनकमिंग' नावाचा फोल्डरही असायचा, पाहुण्यांनी आपल्या फाईली आणून ठेवण्यासाठी. त्याचं काय झालं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. चोरलेली सॉफ्टवेअर ठेवायला लोकांना फुकटचं गोदाम मिळालं. वाचायला खुलं आणि लिहायला खुलं यांत केवढा फरक आहे, हा धडा तिथे शिकून झाला होता.

३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या संशोधन संस्थेनं वेबचं सॉफ्टवेअर कोणालाही वापरायला मोकळं केलं. पुढच्या काही वर्षांत विद्यापीठांमधल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या खात्यात 'पब्लिक-एचटीएमएल' नावाचे फोल्डर उघडून पानं बनवायला सुरुवात केली. आता बघा गंमत. वेब सर्व्हर हा त्या मशिनवर एका अधिकारशून्य खात्यानं चालायचा, पुष्कळदा त्या खात्याचं नावच 'नोबडी' असायचं. हा नोबडी कोणाच्याच गटात नाही, म्हणजे तो 'बाकीच्यां'त. त्याला पान दिसावं म्हणून बाकीच्यांना वाचायची परवानगी द्यायची. परवानगी तीच, आकडाही तोच ६४४. फक्त शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्यांच्या जागी नोबडीच्या खांद्यावरून डोकावणारं अख्खं जग आलं. नियमात एक अक्षरही न बदलता त्यातल्या शब्दाचा अर्थ बदलला.

बादली

१४ मार्च २००६ रोजी ॲमेझॉननं एस-थ्री सुरू केलं. एक जीबी साठवायला महिन्याला १५ सेंट, एक जीबी पाठवायला २० सेंट. आधी काही भरायचं नाही, सर्व्हर विकत घ्यायचा नाही. फाईली ठेवायच्या जागेला त्यांनी नाव दिलं 'बकेट'. मराठीत बादली म्हटलं की नळाला पाणी यायच्या वेळा आठवतात, पण कल्पना तशीच साधी आहे: हवं ते टाका, हवं तेव्हा काढा. आत फोल्डर वगैरे खरं तर नसतात. नुसती नावं आणि त्यांना चिकटलेल्या फाईली. बादलीचं नाव मात्र साऱ्या जगात एकमेव लागतं, कारण तेच पुढे तिच्या पत्त्याचा भाग होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

परवानगीसाठी चार तयार शब्द होते. 'प्रायव्हेट', 'पब्लिक-रीड', 'पब्लिक-रीड-राइट' आणि 'ऑथेंटिकेटेड-रीड'. ॲमेझॉनच्या बाजूनं एक गोष्ट इथेच सांगायला हवी: काहीच न सांगता बादली बनवली तर ती पहिल्या दिवसापासून प्रायव्हेटच असायची. कोणीतरी मुद्दाम उघडल्याशिवाय ती उघडत नव्हती.

पण उघडायला एक शब्द पुरायचा, आणि उघडायची कारणं भरपूर होती. स्मगमग ही फोटो ठेवणारी कंपनी एस-थ्रीच्या अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी. सुरुवातीच्या ट्विटरवरचे प्रोफाइल फोटो एस-थ्रीच्याच बादलीतून यायचे. फोटो सगळ्यांना दिसायलाच हवे असतात, मग ते पब्लिकच करणार. फेब्रुवारी २०११मध्ये तर ॲमेझॉननं अख्खी वेबसाइट बादलीतून चालवायची सोय दिली, आणि कंपनीचे तंत्रप्रमुख व्हर्नर व्होगल्स यांनी स्वतःचा ब्लॉग तिथे हलवला. मला ही सोय फार आवडते. महिन्याला चहाच्या पैशांत, सर्व्हर नाही, डेटाबेस नाही, कधी न कोसळणारी वेबसाइट. 'कधी न' म्हणजे जवळजवळ. २८ फेब्रुवारी २०१७ला ॲमेझॉनच्याच एका इंजिनिअरच्या हातून कमांड चुकीची टाइप झाली आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं एस-थ्री काही तास बंद पडलं. 'आमची सेवा बंद आहे' हे सांगणारं ॲमेझॉनचं पानही त्यावरच अवलंबून असल्यामुळे ते बराच वेळ सगळं हिरवंगार दाखवत राहिलं. निम्मं इंटरनेट या बादल्यांतून पाणी पितं हे त्या दिवशी पुष्कळांना पहिल्यांदा कळलं.

दोन फसवे शब्द

आता चार शब्दांतल्या दोन गोम्या. त्या समजल्याशिवाय पुढचा इतिहास 'लोक बावळट होते' एवढाच वाटेल, आणि तो तसा नाही.

पहिली गोम 'रीड'ची. फाईलवर 'रीड' दिलं तर ती फाईल वाचता येते. बादलीवर 'रीड' दिलं तर आत काय काय आहे याची यादी मिळते. शब्द एक, अर्थ दोन. यादी मिळणं हे कित्येकदा फाईल मिळण्याइतकंच वाईट असतं. यादीतल्या एका ओळीत रुग्णाचं नाव, आजाराचं नाव आणि तारीख असेल, तर फाईल न उघडताच सगळं कळतं.

दुसरी गोम जास्त विषारी. 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' म्हणजे ओळख पटलेले वापरकर्ते. तुम्ही कंपनीत काम करता आणि हा पर्याय समोर दिसतो, तर तुम्ही काय समजाल? आपल्या कंपनीचे, लॉगिन केलेले लोक. विंडोजच्या ऑफिस-नेटवर्कमध्ये याच नावाचा एक गट वर्षानुवर्षं होता आणि तिथे त्याचा अर्थ साधारण हाच होता. जुन्या ॲडमिन मंडळींची सवय तिथूनच आली असावी असा माझा अंदाज आहे. एस-थ्रीमध्ये त्याचा अर्थ होता: जगात ज्याचं कोणाचं ॲमेझॉन क्लाउडवर खातं आहे तो प्रत्येक जण. आणि असं खातं कोणीही उघडू शकतं. सोसायटीच्या वॉचमनला 'आधार कार्ड बघूनच आत सोड' असं सांगावं, आणि त्यानं कोणाचंही, कुठलंही आधार कार्ड बघून आत सोडत राहावं, तसं हे. त्यानं सांगितलं ते इमानदारीत केलं.

हा घोळ कागदावरचा नव्हे. जुलै २०१७मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ची मालक असलेल्या डाऊ जोन्स कंपनीच्या सुमारे २२ लाख ग्राहकांची माहिती अशाच परवानगीमुळे उघडी असल्याचं समोर आलं. त्याच वर्षाच्या शेवटी अल्टेरिक्स या कंपनीची बादली सापडली. तिच्यात १२ कोटी ३० लाख अमेरिकी कुटुंबांची माहिती होती. तिथेही परवानगी 'ओळख पटलेल्यां'नाच होती.

सहा अक्षरांचा पत्ता

उघड्या बादल्या शोधायला हॅकिंग लागत नाही. नावं जगात एकमेव असतात, आणि माणसं नावं अंदाज करता येईल अशीच ठेवतात: कंपनीचं नाव, पुढे 'बॅकअप', 'डेटा', 'टेस्ट'. शब्दांची यादी घ्यायची आणि एकेक पत्ता ठोठावायचा. नावाची बादली नसेल तर सर्व्हर 'अशी बादली नाही' म्हणतो, असेल पण बंद असेल तर 'परवानगी नाही' म्हणतो. म्हणजे बंद दारही आपण आहोत हे सांगून टाकतं. उघडं असेल तर सरळ यादी हातात.

२०१३च्या मार्चमध्ये रॅपिड-७ या सुरक्षा कंपनीनं हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. १२,३२८ बादल्या सापडल्या, त्यांतल्या १,९५१ उघड्या होत्या. जवळजवळ सहातली एक. त्यांच्या याद्यांमध्ये मिळून १२६ अब्ज फाईलींची नावं होती. संशोधकांनी त्यातल्या चाळीसेक हजार फाईली नमुन्यादाखल तपासल्या. त्यात विक्रीच्या नोंदी, कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहिती आणि सोर्स कोडही होता. आपल्या क्षेत्रात ही बातमी गाजली, ॲमेझॉननं ग्राहकांना सावध केलं, आणि जग पुढे गेलं.

खरा स्फोट झाला तो चार वर्षांनी. १२ जून २०१७ रोजी अपगार्ड या कंपनीच्या ख्रिस विकरी या संशोधकाला एक बादली सापडली. तिचा पत्ता हायफनसकट सहा अक्षरांचा होता. ती होती डीप रूट ॲनालिटिक्स या कंपनीची, जी रिपब्लिकन पक्षासाठी मतदारांचं विश्लेषण करायची. आत १.१ टेराबाइट माहिती, कुठलाही पासवर्ड नाही. १९ कोटी ८० लाख अमेरिकी मतदार, म्हणजे त्या देशातले जवळपास सगळे नोंदणीकृत मतदार. नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता, फोन. शिवाय त्यांचा वंश कोणता असेल, धर्म कोणता असेल याचे कंपनीनं बांधलेले अंदाज. तुम्ही कोणाला मत देता हे गुप्त असतं. तुम्ही कोणाला मत द्याल हे कोणी ठरवून ठेवलंय, ते मात्र उघड्यावर पडलं होतं.

त्या वर्षी अशा बातम्या रांगेनं आल्या. व्हेरायझनच्या ग्राहकांच्या नोंदी एका पुरवठादाराच्या बादलीत उघड्या होत्या. अमेरिकी लष्कराच्या तीन बादल्या निघाल्या, त्यांत सोशल मीडियावरून गोळा केलेल्या किमान १८० कोटी पोस्टी होत्या. पण माझ्या डोक्यात बसलेली गोष्ट फेब्रुवारी २०१८मधली. कुरियर कंपनी फेडेक्सनं २०१४मध्ये बोंगो इंटरनॅशनल नावाची एक छोटी कंपनी विकत घेतली होती. पुढे तो व्यवसाय बंदही केला. बादली मात्र राहून गेली. तिच्यात लाखाहून अधिक स्कॅन केलेली कागदपत्रं होती, त्यात जगभरातल्या लोकांचे पासपोर्ट आणि ड्रायव्हिंग लायसन्स. ते लोक काही वर्षांपूर्वी परदेशातून एखादं पार्सल मागवायला गेले होते, एवढाच त्यांचा गुन्हा. ज्या कंपनीला त्यांनी पासपोर्ट दिला ती नाहीशी झाली, आणि जिच्याकडे तो राहिला तिला त्यांनी कधी दिलाच नव्हता.

'पब्लिक कर, नंतर बघू'

बातम्यांत हे सगळं दूरचं वाटतं, म्हणून एक जवळचं सांगतो. मी दुसऱ्या नोकरीत रुजू झालो (पुण्यातली मध्यम आकाराची कंपनी, नावाची गरज नाही) तेव्हा मला पहिलं काम मिळालं ते जुन्या बादल्यांची झाडाझडती घेण्याचं. एक बादली होती, प्रॉडक्टच्या पहिल्या डेमोच्या वेळी बनवलेली. डेमोच्या आदल्या रात्री ॲपमध्ये फोटो दिसत नव्हते, म्हणून कोणीतरी ती पब्लिक केली होती. तो 'कोणीतरी' माझ्या आधीच कंपनी सोडून गेलेला. त्यावेळी आत फक्त लोगो आणि बॅनर होते, त्यामुळे त्यानं केलं ते त्या रात्रीपुरतं बरोबरच होतं. पुढे ॲप वाढलं. केवायसीचा भाग आला, तो लिहिणाऱ्यानं 'फाईली जातात ती जागा' म्हणून तीच बादली वापरली. तिसऱ्यानं इनव्हॉइस तिथेच टाकायला सुरुवात केली. मी यादी काढली तेव्हा दिवाळी सेलच्या बॅनरशेजारी पॅन कार्डांचे फोटो होते.

यातला कोणीही एकटा चुकला असं मला आजही म्हणता येत नाही. पहिल्यानं पब्लिक केली तेव्हा आत खासगी काही नव्हतं. दुसऱ्यानं खासगी टाकलं तेव्हा ती पब्लिक आहे हे स्क्रीनवर कुठे दिसत नव्हतं. आम्ही ती बंद केली त्या दिवशी दुपारपर्यंत फोन सुरू झाले: जुन्या ईमेलमधले लोगो दिसेनात, एका पार्टनरच्या वेबसाइटवरचं चित्र गायब. पब्लिक फाईलवर कोण कोण विसंबून आहे हे ती बंद करेपर्यंत कळत नाही. म्हणून तर लोक बंद करायला घाबरतात. आमचे मॅनेजर म्हणाले, 'अरे, हळूहळू करू.' पॅन कार्डं आधी हलवली, लोगोंचं हळूहळू केलं.

आपल्याकडे

भारतातली गाजलेली घटना २०२०ची. व्हीपीएनमेंटॉर या संकेतस्थळाच्या संशोधकांनी मे महिन्यात जाहीर केलं, की भीम ॲपच्या प्रसारासाठी चालवलेल्या सीएससी ई-गव्हर्नन्सच्या एका वेबसाइटची बादली त्यांना उघडी सापडली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ४०९ जीबी, सुमारे ७२ लाख ६० हजार नोंदी. आधार कार्डांचे स्कॅन, पॅन कार्डं, रहिवासी पुरावे आणि जातीचे दाखलेही. भीम चालवणाऱ्या एनपीसीआयनं ॲपमधली कुठलीही माहिती फुटलेली नाही असं लगेच स्पष्ट केलं.

दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात, हे इथे समजून घेण्यासारखं आहे. ॲप आणि त्याच्या प्रचारासाठी गावोगावी कागदपत्रं गोळा करणारी वेबसाइट या वेगळ्या गोष्टी. ॲपची तिजोरी शाबूत असते आणि नोंदणी शिबिरात टेबलावर ठेवलेला गठ्ठा उघडा असतो. ज्या माणसाचा जातीचा दाखला त्या गठ्ठ्यात आहे त्याला हा फरक सांगून काय उपयोग, ते मला माहीत नाही. पासवर्ड बदलता येतो, कार्ड ब्लॉक करता येतं. जात ब्लॉक करता येत नाही.

ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं सांगितलं. ऑगस्ट २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड त्यात आहे, आणि माहितीवर काम बाहेरच्या पुरवठादारानं केलं तरी जबाबदारी माहिती घेणाऱ्याचीच राहते. बोंगोच्या गोष्टीनंतर ही दुसरी तरतूद मला जास्त मोलाची वाटते.

झाकण

या सगळ्या बातम्यांत एक शब्द ठरलेला असायचा: 'मिसकॉन्फिगरेशन'. म्हणजे ग्राहकानं सेटिंग चुकवलं. ॲमेझॉनचं सूत्र आहे 'शेअर्ड रिस्पॉन्सिबिलिटी': क्लाउडची सुरक्षा आमची, क्लाउडमध्ये तुम्ही जे ठेवता त्याची तुमची. कायद्याच्या भाषेत चोख. पण एकाच वळणावर रोज अपघात होत असतील तर प्रत्येक ड्रायव्हरला दोष देऊन भागत नाही, पीडब्ल्यूडीला बोलवावं लागतं. आणि गंमत म्हणजे, सूत्र तसंच ठेवून ॲमेझॉननं शेवटी रस्ता दुरुस्त केलाच.

जुलै २०१७मध्ये उघड्या बादल्यांच्या मालकांना ईमेल गेले. नोव्हेंबर २०१७मध्ये कन्सोलवर पब्लिक बादलीसमोर नारिंगी रंगात 'पब्लिक' असं ठळक दिसू लागलं. एस-थ्री सुरू होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती! वर सांगितलेल्या आमच्या बादलीसमोर ही नारिंगी पट्टी पहिल्यापासून असती, तर केवायसीवाल्यानं ती वापरली नसती असं मला वाटतं. नोव्हेंबर २०१८मध्ये 'ब्लॉक पब्लिक ॲक्सेस' आलं. कुलपावर दुसरं कुलूप. आतल्या कुठल्याही फाईलला कोणीही 'पब्लिक-रीड' म्हटलं तरी हे मानायचं नाही. आणि एप्रिल २०२३पासून प्रत्येक नव्या बादलीला हे झाकण आपोआप लागतं, जुने चार शब्दही सुरुवातीला बंदच असतात. आज कन्सोलवर झाकण काढायला गेलात तर टिकमार्क काढून झाल्यावर 'कन्फर्म' हा शब्द स्वतः टाइप करावा लागतो. जुन्या बादल्यांना मात्र हात लावलेला नाही. त्या होत्या तशा आहेत.

झाकणाची किंमतही आहे. एखाद्या कॉलेजच्या पोराला आपलं पहिलं पान बादलीतून जगाला दाखवायचं असेल तर २०११मध्ये जे दहा मिनिटांत व्हायचं, त्यात आता घाबरवणारे इशारे आणि जेसनमधली पॉलिसी येते. आणि पब्लिक बादल्यांनी काय दिलं तेही विसरायला नको. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचं एक चित्र एकेकाळी सुमारे ६०० डॉलरला विकलं जायचं. २००८मध्ये ते फुकट झालं, आणि मार्च २०१५पासून लँडसॅट-८ची चित्रं एस-थ्रीच्या पब्लिक बादलीत येऊ लागली. मराठवाड्यातल्या धरणाचं पाणी वर्षागणिक कसं आटत गेलं हे हॉस्टेलच्या वायफायवर बघता येतं ते यामुळे. ही बादली उघडी असावी हे कोणीतरी विचार करून, चर्चा करून ठरवलं होतं. डेमोच्या आदल्या रात्री नाही.

रिकाम्या बादल्या

एस-थ्रीला झाकण लागलं म्हणून गोष्ट संपली नाही, ती घर बदलून गेली. जुलै २०२५मध्ये अमेरिकेत 'टी' नावाचं ॲप ॲपस्टोअरवर वर चढलं होतं. डेटवर जाण्याआधी बायकांनी एकमेकींना पुरुषांबद्दल सावध करावं यासाठीचं. आपण बाई आहोत हे सिद्ध करायला सेल्फी किंवा ओळखपत्र द्यावं लागायचं, आणि पडताळणीनंतर ते काढून टाकतो असं ॲप सांगायचं. ते काढलेलं नव्हतं. गूगलच्या फायरबेस सेवेतली त्यांची जुनी बादली उघडी होती. ७२ हजार चित्रं, त्यांतले सुमारे १३ हजार सेल्फी आणि ओळखपत्रं, फोरचॅनवर पोचली. सुरक्षिततेसाठी आलेल्या बायकांचे चेहरे नेमके ज्या लोकांपासून लपवायचे त्यांच्या हातात पडले. आता एआयकडून दोन दिवसांत ॲप लिहून घेणारे माझे मित्र आहेत. फायरबेसमध्ये 'टेस्ट मोड' निवडला की महिनाभर सगळं सगळ्यांना खुलं राहतं. महिना संपला की ॲप चालेनासं होतं, आणि मग ती तारीख पुढे ढकलणं हा सगळ्यात सोपा उपाय असतो.

आणि नावांचं काय? बादलीचं नाव जगात एकमेव असतं असं मघाशी म्हटलं. मालकानं बादली पुसली की ते नाव पुन्हा मोकळं होतं, कोणीही घेऊ शकतं. पण त्या पत्त्यावरून फाईली मागणारी सॉफ्टवेअर तशीच चालू राहतात. फेब्रुवारी २०२५मध्ये वॉचटॉवर या सुरक्षा कंपनीनं अशी सुमारे दीडशे सोडून दिलेली नावं साधारण ४२० डॉलर खर्चून स्वतः घेतली आणि दोन महिने नुसतं बघत बसले, कोण दार ठोठावतं ते. ८० लाखांहून अधिक मागण्या आल्या. अपडेट मागणारी सॉफ्टवेअर, सर्व्हरच्या तयार प्रतिमा मागणाऱ्या कंपन्या, काही देशांची सरकारी आणि लष्करी नेटवर्कं. वॉचटॉवरच्या जागी दुसरं कोणी असतं तर उत्तरादाखल त्यांना काहीही पाठवू शकलं असतं. हे कळल्यावर ॲमेझॉननं ती दीडशे नावं कायमची बंद केली, म्हणजे ती आता कोणालाच घेता येणार नाहीत. आमच्या त्या जुन्या डेमोच्या बादलीचं नाव आम्ही अजून सोडलेलं नाही. आत काहीच नाही, लोगोही नाहीत. दर महिन्याच्या बिलात तिची ओळ येते आणि समोर रक्कम शून्य असते.